देवक बसेपर्यंत

आपलं मरण भावाविरुद्ध कसं वापरायचं, हे कोंडीरामानं शुद्धीवर असतानाच ठरवून ठेवलं होतं. विहिरीवरच्या खोपीत बाजेवर पडल्या पडल्या त्यानं ते शनिवारी सकाळी बबनला नीट समजावून सांगितलं आणि त्याच्या बायकोनं, रतनबाईनं, पेजेची वाटी हातात धरून ते उभ्या उभ्या ऐकलं.

पायाची जखम तोवर काळी पडली होती. चैत्रात नदीकाठच्या गाळाच्या रानात, मळईवर, गावातल्या दोन्ही आळ्यांची मारामारी झाली, तेव्हा पोटरीवर कोयत्याचा वार बसला होता. कोंडीरामानं त्यावर हळद-चुना थापून वर धोतराची पट्टी गुंडाळली, आणि फौजदारापर्यंत कुणी जायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद दिली. त्याच्या खालच्या आळीनंही वरच्यांची डोकी फोडली होती, त्यामुळं चौकशी झाली असती तर दोन्हीकडचे आत गेले असते. वैशाख लागला तशी जखमेला घाण सुटली, मांडीपर्यंत लाल रेघ चढली आणि ताप उतरेनासा झाला. तरी हा गडी घरी जाऊन निजायला तयार नव्हता. विहीर सोडली की ती वरच्या आळीच्या, म्हणजे थोरला भाऊ तात्याबाच्या, घशात गेली, असा त्याचा हिशेब होता.

बबन म्हणजे कोंडीरामाचा चुलतपुतण्या, खालच्या आळीचा उजवा हात. गाव त्याला बबनराव म्हणे, पण रतनबाईला तो बबनच होता. तो बाजेपाशी उकिडवा बसून मान डोलवत होता.

"बेस्तरवारी लगीन हाय," कोंडीराम म्हणाला. "बुधवारी तिन्हीसांजंला देवक बसंल. एकदा देवक बसलं, की सुतक लागत न्हाई. तवा मी मरायचा असंन तर त्येच्या आदी मराया पायजे. आन् जीव गेला, की येक घटका बी थांबायचं न्हाई. हिला हंबरडा फोडाया लावायचा, वरच्या आळीला आयकू जाईल आसा."

बबन म्हणाला, "काका, असं अभद्र कशाला बोलता."

"अभद्र न्हाई, डाव हाय. आकुर्डीची सोयरीक जुळली, की तात्याबाच्या मागं तिथल्या तालमीतली पोरं हुबी ऱ्हातील. मग मळई बी गेली आन् हीर बी गेली. दहा दिस सुतक पडलं की वैशाख सरला. नवरा थोरला, नवरी थोरली, म्हंजी ज्येष्ठात लगीन न्हाई. पुढं चातुर्मास. आकुर्डीकर दिवाळीपातुर कशाला थांबत्यात?"

मग त्यानं बायकोकडं पाहून पेज मागितली. रतनबाईनं दिली. तिच्या मनात त्या वेळी काय आलं ते तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. लग्न शकूचं होतं. तात्याबाची थोरली लेक शकू रतनबाईच्याच कुशीत निजून वाढली होती. रतनबाईला मूल नव्हतं, आणि घर एक होतं तेव्हा शकू चुलत्याच्या खांद्यावर बसूनच मळ्यात जायची. त्याच चुलत्यानं आता स्वतःचा मुडदा तिच्या मांडवात टाकायचं ठरवलं होतं, आणि वर मीठ कमी आहे म्हणून पेजेला नावं ठेवत होता.

हे सगळं कशातून उभं राहिलं ते पाहिलं तर हसावं की रडावं कळत नाही. तीन वर्षांपूर्वी म्हातारा बाप वारला. दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. ऊन तापलं, भटजी घाम पुसू लागले. मागं राहिलेल्यांनी मयताला शब्द द्यायचा, मग कावळा शिवतो, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक होती. कोंडीराम पुढं झाला, हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "नदीकडची मळई तू मला देतो म्हनला व्हतास, ती मी जतन करीन." आणि त्याच दमाला कावळा शिवला. कोंडीरामाच्या बाजूनं निकाल लागला, असं अर्ध्या गावानं मानलं. पण घरी आल्यावर तात्याबानं सांगितलं, की त्याच क्षणी त्यानंही मनातल्या मनात शब्द दिला होता: मळईची वाटणी होणार नाही, ती थोरल्या पातीकडंच, म्हणजे आपल्याकडंच राहील. कावळा शिवला तो त्या शब्दाला. उरलेल्या अर्ध्या गावाला हे पटलं.

एका कावळ्याची अशी दोघांनी साक्ष काढली आणि एका निघोज्याची दोन गावं झाली. तात्याबाकडं वरची आळी, पाटीलकी, माणूसबळ आणि चाकणच्या कचेरीत ओळखी. कोंडीरामाकडं खालची आळी, नदीकाठ आणि डोकं. विहीर सामाईक, तिला मोटेच्या बैलांच्या दोन धावा. एका दिवशी वरची मोट चालायची, दुसऱ्या दिवशी खालची. वरच्यांनी मोटेचा नाडा कापला, की खालच्यांनी त्यांच्या गंजीला काडी लावायची. न्हाव्याच्या थोरल्या पोरानं वरच्या आळीची दाढी करायची, धाकट्यानं खालच्या. मारुतीला वरचे सकाळी जात, खालचे संध्याकाळी. देवाला दिवसभर कोण कोणत्या बाजूचं ते आठवत बसावं लागत असेल. हेरही होते. वरच्या आळीत भाकरी कुठल्या पिठाची झाली हे खालच्या आळीला जेवणाआधी कळे. तिकडं मराठी मुलूख एक व्हावा म्हणून माणसं रस्त्यावर उतरली होती. चाकणला सभा झाली तेव्हा निघोज्याच्या दोन्ही आळ्या हिरिरीनं गेल्या, मैदानाच्या दोन टोकांना बसल्या, एकाच घोषणेला दोन्हीकडून ओरडल्या आणि दोन वाटांनी घरी आल्या.

मळईची लढाई ही त्यातली सगळ्यात मोठी. वरच्यांनी पहाटे विहिरीवर गलका केला, म्हणजे खालची माणसं तिकडं धावतील आणि कलिंगडांच्या वेलांत गुरं घालता येतील. कोंडीरामाला हे आदल्या दिवशीच उमगलं होतं. त्यानं विहिरीवर फक्त म्हातारे ठेवले आणि तरणे गडी मळईच्या लव्हाळ्यात निजवले. वरच्यांची चांगलीच जिरली. पण पळता पळता कुणाचा तरी कोयता याच्या पोटरीवर उतरला. कुणाचा, ते कोंडीराम सांगत नव्हता. रतनबाईनं विचारलं, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं होतं, आणि तो भावाचाच असणार, हे तिनं समजून घेतलं होतं.

रविवारी दुपारनंतर तो बरळू लागला आणि सांजेला ओळख देईनासा झाला. रतनबाईनं बबनला सांगितलं, गाडी जुंप, याला पिंपरीला नेऊ. पिंपरीच्या कॅम्पात निर्वासितांपैकी एका सिंधी डॉक्टरानं दवाखाना काढला होता आणि त्याच्याकडं ती नवी पेनसिलीनची सुई मिळते असं बाजारात ऐकू येई. पिंपरीला तर त्या औषधाचा सरकारी कारखानाच उभा राहिला होता. सडलेली जखम त्या सुईनं सुकते, हे आता कुणाला नवीन नव्हतं.

बबन बैल दुखावला आहे म्हणाला. दुसऱ्याच्या गाडीचा आख मोडला होता. तिसरा म्हणाला, एवढ्या उन्हात हलवलं तर वाटेतच काही व्हायचं. सगळे खोपीबाहेर मान खाली घालून बसले होते. त्यांच्यात दुष्ट कुणीच नव्हता. कोंडीरामासाठी यातल्या दोघांनी डोकी फोडून घेतली होती. पण सोमवार उजाडला तशी ती माणसं आत डोकावून त्याचा श्वास पाहू लागली, आणि बाहेर येऊन एकमेकांना नुसत्या डोळ्यांनी सांगू लागली. त्यांना घाई झाली आहे, हे रतनबाईच्या ध्यानात आलं. मग तिला त्यांच्याकडं बघवेना.

दुपारी सगळे भाकरीला घरी गेले. रतनबाईनं एका म्हातारीला बाजेपाशी बसवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि नदीच्या अंगानं वरच्या आळीला गेली.

तात्याबाच्या घरामागं परसात कुरडयांचा घाणा पडला होता. तानाबाई पाटावर बसून वाळवण हलवत होती. ही तात्याबाची बायको, रतनबाईची जाऊ आणि सख्खी थोरली बहीण. दोघी एकाच मांडवात या घरात आल्या होत्या. गेली तीन वर्षं नदीवर त्यांचे धुण्याचे दगड वेगळे होते, आणि एकीनं धुणं पिळायला घेतलं, की दुसरी पाण्याकडं बघायची.

तानाबाईनं वर पाहिलं, हातातली कुरडई खाली ठेवली. "मेला का?" तिनं विचारलं.

बहिणीच्या तोंडून तीन वर्षांनी निघालेला हा पहिला शब्द.

"न्हाई, आक्का. अजून हाय."

तानाबाईनं श्वास सोडला. त्यात सुटका होती, आणि ती कशाची होती हे रतनबाईला लगेच कळलं. ती काही बोलायच्या आतच तानाबाईनं तिला आत नेलं. माजघरात मसलत बसलेलीच होती. मधोमध तात्याबा, आणि शेजारी उद्धवराव, म्हणजे तात्याबाचा चुलतभाऊ. हा कोर्टकचेऱ्या करून केस पांढरे झालेला गृहस्थ. वरच्या आळीचे सगळे डाव याच्या डोक्यातून निघत. शनिवारचं बोलणं या माणसाला रविवारी सकाळीच शब्दन् शब्द पोचलं होतं. डाव पोचवणारा खालच्या आळीतलाच कुणीतरी असणार. लढाईत असं एक घर असतंच, जे दोन्हीकडं जेवतं.

रतनबाई दाराआडून बोलली. तिनं पदर पसरला. पिंपरीच्या डॉक्टरला आणा, तुमच्या गाडीनं आणा, माझे लोक आणत नाहीत, एवढंच ती म्हणाली. आपल्या आळीची अब्रू शत्रूच्या माजघरात सांडतो आहोत, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते केलं आणि त्याची तिला लाज वाटली नाही. लाज बबनची वाटली.

उद्धवरावानं तात्याबाकडं पाहिलं. "म्यां सकाळपासनं ह्येच सांगतुय," तो म्हणाला. "बुधवारपातुर ह्यो मानूस जगला पायजे. काय लागंल ते लागू द्या. डाक्टर आणा, वैद आणा."

"बुधवारपातुर," रतनबाई म्हणाली.

तात्याबा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं विचारलं, "पोटरी का मांडी?"

"वार पोटरीवर हाय, दाजी. लाली मांडीपातुर चढलीया."

"झोपंत दात खातो का अजून?"

"खातो."

तात्याबानं गड्याला हाक मारून छकडा जुंपायला सांगितलं, तोही शर्यतीच्या खोंडांचा. रतनबाई परत निघाली, तेव्हा परसदारी शकू उभी होती. तिनं वाकून चुलतीचे पाय धरले, पण मागं तानाबाई होती म्हणून काही विचारलं नाही.

संध्याकाळी छकडा वरच्या धावेनं थेट खोपीपाशी आला. डॉक्टर म्हणजे उंच, वाळकासा माणूस, कोट धुळीनं भरलेला. त्यानं पट्टी सोडली, नाक मुरडलं आणि जखम धुऊन काढली. सुई भरत असतानाच बबन आणि चौघे काठ्या घेऊन आले. बबननं दारात पाय रोवला आणि काकी, ही वरच्या आळीची सुई आहे, असं म्हणाला. तुमच्या ध्यानात कसं येत नाही? काका शुद्धीवर असते, तर त्यांनी तिला हात लावू दिला असता का?

"शुद्धीवर येऊ दे, मग त्येलाच इचार," रतनबाई म्हणाली.

डॉक्टरनं मान वर करून दोघांकडं पाहिलं. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, की त्याच्या गावात अशी माणसं दारात उभी राहिली तेव्हा तो घर सोडून पळाला होता, आता पळायचं वय राहिलेलं नाही. आणि त्यानं सुई टोचली. बबनला काय करावं कळेना. डॉक्टरला हात लावला तर फौजदार येणार, काकीला हात लावला तर आळी थुंकणार. तो बाहेर जाऊन बसला आणि एका सुईनं काय होतंय, असं बाकीच्यांना समजावू लागला.

जाताना डॉक्टरनं रतनबाईला बजावलं. चार दिवस, रोज एक. नागा झाला तर विष परत चढेल आणि मग तो आला तरी उपयोग नाही.

मंगळवारी छकडा आला. बुधवारी दुपारच्या आतच आला, कारण वरच्या आळीला आता दिवस मावळेपर्यंतसुद्धा धीर नव्हता. तात्याबाचा गडी डॉक्टरच्या मागं उभा राहून कोंडीरामाच्या छातीकडं बघत राही आणि ती हलते आहे याची खात्री करून निरोप घेऊन जाई. इकडं खालच्या आळीची माणसं सावलीत बसून त्याच छातीवर नजर ठेवून असत. मधे बसून रतनबाई ओल्या फडक्यानं नवऱ्याचं कपाळ पुसायची. गावातली एवढी माणसं एका माणसाच्या श्वासावर डोळे लावून बसली होती आणि त्या माणसाची काळजी त्यातल्या एकालाही नव्हती. तिला संताप यायचा. मग आठवायचं, की हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं आहे, आणि तो संताप बाजेवरच्या त्या तापलेल्या डोक्यावर जाऊन बसायचा.

बुधवारी तिन्हीसांजेला वरच्या आळीकडून ताशा वाजला आणि मागोमाग सनई. देवक बसलं. बबन उठला, धोतर झटकलं, खोपीत डोकावला.

"चुकलं, काकी," तो म्हणाला. "काकांनी येवडा डाव मांडून दिला व्हता."

मग सगळे आपापल्या घरी गेले. विहिरीवर पाळतीला थांबायचंही कुणाच्या मनात आलं नाही.

गुरुवारी छकडा आला नाही. ऊन डोक्यावर चढत चाललं, रतनबाई पिंपरीकडून येणाऱ्या मोशीच्या रस्त्याकडं बघून बघून दमली. कोंडीरामाचं अंग सकाळी जरा निवलं होतं, ते पुन्हा तापायला लागलं. लाल रेघ गुडघ्यापर्यंत उतरली होती, तिच्याकडं रतनबाई घडी घडी बघत होती. खालच्या आळीत गाडीसाठी तोंड वेंगाडण्यात अर्थ नव्हता. तिनं तोंडावर पाणी मारलं, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं आणि उघड्यावरून, गावाच्या मधल्या वाटेनं, वरच्या आळीला चालत गेली. तीन वर्षांत खालच्या आळीतलं कुणी त्या वाटेनं गेलं नव्हतं. माणसं पायरीवर येऊन बघत राहिली.

मांडवात लगबग चालली होती. आकुर्डीचं वऱ्हाड मारुतीच्या देवळात उतरलेलं. नवरदेवाला मिरवत आणायचा म्हणून तोच छकडा आंब्याचे टहाळे आणि झेंडूच्या माळा बांधून दारात सजवून उभा केला होता. खोंडांची शिंगं रंगवलेली. तात्याबा नवा फेटा बांधून निघण्याच्या तयारीत होता.

तानाबाई घाईनं पुढं आली. बहिणीला मांडवाच्या कडेला ओढत हळू आवाजात म्हणाली, की आज कसं जमायचं, सगळ्या गाड्या वऱ्हाडाला लागल्यात, उद्या सकाळी बघू. उद्धवरावानं तर एवढंही केलं नाही. त्यानं लांबूनच सांगितलं, की तीन सुया दिल्या, माणुसकी केली, आता देवाच्या हातात.

"देवाच्या हातात कालपातुर का नव्हतं?" रतनबाईनं विचारलं.

उद्धवरावानं खांदे उडवले. "देवक बसलं, बाई. आता काय बी झालं तरी लगीन अडत न्हाई."

रतनबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला. तात्याबासमोर ती आयुष्यात अशी उभी राहिली नव्हती. तिचा आवाज मात्र चढला नाही. जवळच्या चारदोघांनाच ऐकू जाईल एवढाच राहिला.

"दाजी, ह्यो छकडा आत्ता पिंपरीला जाईल. न्हाई गेला तर म्यां हितं मांडवात बसून हंबरडा फोडीन. देवक बसल्याव सुतक लागतं का न्हाई, त्ये मग तुमी आकुर्डीकरांना समजावून सांगा. नवरीच्या दारात रांडपण ओरडतंय म्हनल्याव कुठली आई पोराला अंतरपाटामागं हुबी करती, बघू."

"जित्या नवऱ्याच्या नावानं?" उद्धवराव म्हणाला.

"जित्या नवऱ्याच्या नावानं. तुमी समद्यांनी त्येला कवाच मारून ठेवलाय. रडायचं तेवढं माझ्याकडं ऱ्हायलंय."

तानाबाईनं तोंडात पदर कोंबला. तात्याबा रतनबाईकडं बघत होता, आणि त्या बघण्यात रागापेक्षा ओळख जास्त होती. कोंडीरामाचा डाव त्यानं बुधवारी मोडला होता, आणि आता तोच डाव कोंडीरामाची बायको त्याच्या मांडवात उभी राहून खेळत होती.

तेव्हाच रतनबाईची नजर आतल्या दाराकडं गेली. उंबऱ्याच्या आत पाटावर शकू बसली होती. अंगाला हळद, हातात हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या. तिनं सगळं ऐकलं होतं. रतनबाईला वाटलं, ती उठेल, बापाला म्हणेल, की पाठवा गाडी. शकूनं तिच्याकडं थोडा वेळ पाहिलं, मग शेजारच्या बाईला चुडा नीट करायला सांगून पाठ फिरवून बसली. या पोरीचे केस रतनबाईनं रोज विंचरले होते. पण ती जागची हलली नाही.

"सोड छकडा," तात्याबा गड्याला म्हणाला.

"आन् नवरदेव?" उद्धवरावानं विचारलं.

"चालत येईल."

टहाळ्या-माळांसकट छकडा मोशीच्या रस्त्याला लागला. नवरदेव चालत आला, आणि आकुर्डीच्या व्याह्यांनी ते मनात ठेवलं. अक्षता पडल्या तेव्हा रतनबाई खोपीत होती. ताशाचा आवाज आला, मंगलाष्टकांचा शेवटचा सूर आला, तिनं बसल्या जागी मूठभर तांदूळ घेतले आणि त्या दिशेला टाकले. नंतर तेच वेचून सुपात ठेवले, कारण घरात तांदूळ फार नव्हते.

डॉक्टर उन्हं कलताना आला. छकड्यावरचा झेंडू पार कोमेजला होता. सुई दिली, जखम पाहिली आणि पहिल्यांदाच हसला.

शुक्रवारी सकाळी कोंडीरामाला दरदरून घाम सुटला. अंग गार पडलं. रतनबाई आधी घाबरली, मग छातीवर हात ठेवून पाहिला आणि खाली बसून मनसोक्त रडली, आवाज न करता. गेले कित्येक दिवस तिनं रडणं असं जपून ठेवलं होतं, की ते आता कसं बाहेर काढायचं हेच तिला कळेना. बातमी खालच्या आळीत गेली. बबन धावत आला, दारात उभा राहिला. त्याचा चेहरा खरंच फुलला होता. त्याला काका हवाच होता, फक्त काकानंच सांगितलेल्या वारी नको होता.

कोंडीरामानं डोळे उघडले. छपराकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. ओठ सुकून त्यांची सालं निघाली होती. रतनबाईनं तांब्या उचलला आणि त्याच्या मानेखाली हात घातला.

"आज वार कोंचा?" त्यानं विचारलं.

तिनं तांब्या तसाच धरला. "शुक्करवार."

त्याची नजर दाराबाहेर गेली. वरच्या धावेवर मोट चालू झाली होती. आज त्यांची पाळी होती.

"देवक?"

"बसलं. लगीन बी लागलं. शकू सासरी गेली."

त्यानं हातानं पोटरी चाचपली, दंडावर सुईच्या जागी बोट लावलं. "ह्ये कुनी केलं?"

"म्यां आणवला डाक्टर. दाजींच्या छकड्यातनं."

कोंडीरामानं मानेखालचा तिचा हात काढून बाजूला ठेवला. जोर नव्हता अंगात, तरी ठेवला.

"बबन," तो म्हणाला, "पाणी दे."

बबन गडबडला. खोपीत दुसरा तांब्या नव्हता. तो आत आला, खाली मान घालून त्यानं काकीच्या हातातला तांब्या घेतला आणि काकांच्या ओठाला लावला.